बघणाऱ्या लेकरांना काय शिकवायचं?

लेकराचं पोट दर सोमवारी सकाळी दुखतं आणि रविवारी दिवसभर दुखत नाही, तर ते जंताचं दुखणं नसतं, हे आता आपल्या वस्तीतल्या पुष्कळ आयांना कळायला लागलं आहे. जंताची गोळी देऊन होते, रक्त तपासून होतं, सिव्हिलमध्ये नंबर लावून सोनोग्राफी होते, रिपोर्ट चांगला येतो. तरी दुखणं आहेच. ते खोटं नसतं. माणूस घाबरला की शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं. काळीज धडधडतं, पोटाचं काम मंदावतं, हातापायाला घाम येतो. एखाद्या दिवशी असं झालं तर काही बिघडत नाही. रोज होऊ लागलं की भूक जाते, झोप तुटते, डोकं ठणकतं, दहा वर्षांचं पोर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतं. अशा लेकराला आधी डॉक्टरांना दाखवायचंच. ताप, उलट्या, पोटाच्या उजव्या बाजूला खाली कळ असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. पण सगळं तपासून काही निघालं नाही, तर "नाटकं करतोय" म्हणून दप्तर पाठीवर अडकवून हाकलू नका. शाळेत कोण काय म्हणतं ते विचारा.

आम्ही म्हणजे रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेणाऱ्या पाच-सहा बाया. कुणी आशाताई आहे, कुणी अंगणवाडीत आहे, दोघी विडी वळतात, एकीने नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात दिवसपाळ्या-रात्रपाळ्या केल्या आहेत. मुलांच्या तक्रारी ऐकताना आमच्या एक गोष्ट लक्षात आली. ज्याला त्रास होतो त्याच्याबद्दल आपण बोलतो. जो त्रास देतो त्याच्याबद्दल तर तावातावाने बोलतो. पण दरवेळी तिथे आणखी पाच-दहा लेकरं उभी असतात. ती ना मारतात ना मार खातात, नुसती बघतात. त्यांना कोणी काही शिकवत नाही. हे पान त्यांच्यासाठी आहे.

कॅनडातल्या टोरांटो शहरात काही संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून मुलांचं खेळणं टिपलं आणि २००१ मध्ये त्याचा अभ्यास छापला. दादागिरीच्या शंभरातल्या ८८ प्रसंगांत दुसरी मुलं आसपास हजर होती. त्यातलं कोणीतरी मध्ये पडलं असे प्रसंग शंभरात फक्त १९. आणि खरी गोष्ट पुढेच आहे. कोणी मध्ये पडलं तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. मध्ये पडणारी मुलं काही पहिलवान नव्हती. साधी मैदानावर खेळणारी मुलं होती.

आधी एक घोळ निस्तरू या. दोन पोरांची कॅरमवरून झोंबाझोंबी झाली, एकाने ढकललं, दुसऱ्यानेही ढकललं, संध्याकाळी पुन्हा एकत्र वडापाव खाल्ला, याला दादागिरी म्हणत नाहीत. ते भांडण. दादागिरीत एक बाजू जड असते आणि तेच पुन्हा पुन्हा घडतं. जड कशाने? वयाने, अंगाने, संख्येने, पैशाने. आपल्याकडे आणखी एका गोष्टीने, ती म्हणजे जातीने. "ए जयभीम" अशी हाक मारून मागे हसणं, "सरकारचे जावई" म्हणणं, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला उठलं की "फुकटे उठले" असं पुटपुटणं, डब्याला हात लागला म्हणून डबा बाजूला सरकवणं. यात कोणी कोणाला बोटही लावत नाही. म्हणून शाळेत तक्रार केली की उत्तर येतं, "मुलं आहेत, गंमत करतात." गंमत असेल तर दोघांनाही हसू यायला पाहिजे. एकजण हसतो आणि दुसरा मान खाली घालतो, ती गंमत नाही.

आणि एकटं पाडणं. खेळात न घेणं, बाकावर शेजारी न बसणं. अंगावर वळ उठत नाही म्हणून मोठ्यांना हे दिसत नाही, पण मुलींमध्ये आम्हाला सगळ्यात जास्त हेच सापडतं.

आपल्याला हे नवीन नाही. सातारच्या शाळेत लहानग्या भीमरावाला घरून आणलेल्या तरटावर बसावं लागे आणि तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेलं पाणी प्यावं लागे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याकडे बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुलं धावली. हा प्रसंग आपण व्याख्यानांतून किती वेळा ऐकला असेल. तो ऐकताना आपण नेहमी फळ्याकडे निघालेल्या मुलाच्या जागी असतो. आम्ही रविवारच्या वर्गात मुलांना उलटं विचारलं, "तुम्ही त्या वर्गात बाकावर बसलेले असता तर काय केलं असतं?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक सातवीतली मुलगी म्हणाली, "मी माझा डबा तिथंच ठेवला असता." आम्हाला जे शिकवायचं होतं ते तिने एका वाक्यात सांगून टाकलं. भाषण नाही, मारामारी नाही. आपला डबा उचलायचा नाही.

त्याच सातारच्या शाळेत आंबेडकर आडनावाचे एक गुरुजी होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या भाजी-भाकरीतला वाटा या मुलाला देत. बाबासाहेब मोठे झाल्यावरही ही आठवण मायेने सांगत. भाकरीने पोट भरतंच, पण कोणीतरी आपल्या बाजूने आहे हे लेकराला त्यातून कळतं.

आता प्रश्न असा की बघणारी मुलं गप्प का बसतात. ती वाईट असतात म्हणून नाही. अमेरिकेत १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग छापला. विद्यार्थ्याला एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीच्या फटीतून आत धूर सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी शंभरात ७५ जणांनी बाहेर जाऊन सांगितलं. पण सोबत दोन माणसं मुद्दाम शांत बसवली होती, तेव्हा शंभरात १० जणांनीच सांगितलं. बाकीचे डोळे चोळत फॉर्म भरत राहिले. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो. तो शांत आहे म्हणजे काही विशेष नसेल, असं समजतो. वर्गातही तेच होतं. चाळीस मुलं एकमेकांकडे बघतात आणि चाळीसही जणांना वाटतं की बाकीच्यांना यात काही वाटत नाही.

दुसरं कारण भीती. "आज त्याला, उद्या मला." ही भीती खरी आहे, तिला हसू नये. तिसरं म्हणजे काय करायचं हेच माहीत नसणं. आणि चौथं कारण घरातलं आहे. "तुला काय करायचंय? तू आपलं बघ. कोणाच्या भानगडीत पडू नको." हे आपणच रोज सांगतो. गरिबाच्या घरात हे वाक्य का बोललं जातं ते आम्हाला कळतं. पोलीस, कोर्ट, शाळेत चकरा, बुडालेली मजुरी हे सगळं त्यामागे असतं. पण लेकरू त्यातून शिकतं ते एवढंच की दुसऱ्याच्या दुखण्यावर गप्प बसणं म्हणजे शहाणपण.

हे गप्प बसणं शाळेत संपत नाही, मोठेपणी नोकरीच्या जागीही सोबत येतं. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आपलं जीवन संपवलं. वय २६. जळगावकडची, तडवी भिल्ल या आदिवासी समाजातली मुलगी, टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विषयाचं पुढचं शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, त्यांना अटक झाली, दोषारोपपत्र दाखल झालं. दोष कोणाचा हे सांगणं कोर्टाचं काम आहे, आमचं नाही. पण पायलच्या घरच्यांचं म्हणणं असं होतं की तिचा पाणउतारा रुग्णांसमोर, इतर कर्मचाऱ्यांसमोर व्हायचा, आणि त्रास होतोय हे त्यांनी आधी कानावर घातलं होतं. वॉर्डात काम केलेल्या माणसाला विचारा. वॉर्ड कधी रिकामा नसतो. इंटर्न असतात, सिस्टर असतात, मावशी असतात, खाटेखाली चटई टाकून बसलेले नातेवाईक असतात. मोठ्या डॉक्टरने लहान डॉक्टरला झापलं की सगळे केसपेपरमध्ये डोकं घालतात. आम्ही हे कुठल्या एका रुग्णालयाबद्दल म्हणत नाही, ही आमच्या पेशातली सवय आहे. पायलची आई आबेदा तडवी त्याच वर्षी रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला यांच्यासोबत सुप्रीम कोर्टात गेल्या. कॉलेजांमध्ये जातीवरून होणारा भेदभाव थांबवायची यंत्रणा नीट चालावी, ही त्यांची मागणी.

पायलसारखी मुलगी दिवसभर अपमान सोसते तेव्हा संध्याकाळी कॅन्टीनमध्ये कोणी शेजारी येऊन बसलं, तर त्याने सगळं सुटेल असं आम्ही म्हणणार नाही. पण सगळ्यांनी पाहिलं आणि कोणीच काही म्हटलं नाही, ही जखम मूळ अपमानाहून खोल जाते. आमच्याकडे येणारी मुलं हेच सांगतात. "त्याने शिवी दिली" हे एकदा सांगतात. "सगळे हसले" हे तीन-तीनदा सांगतात.

फिनलंड देशात तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९० च्या दशकात नेमकं या "सगळ्यां"कडे पाहिलं. वर्गात दादागिरी होते तेव्हा म्होरक्या एक असतो. त्याचे एक-दोन साथीदार असतात. काहीजण हसून, टाळ्या देऊन त्याला चढवतात. बरेचजण बाजूला गप्प असतात. आणि एखाद-दुसरा पाठीराखा असतो. म्होरक्याला हवा असतो तमाशा, आणि तमाशाला प्रेक्षक लागतात. मग म्होरक्याच्या मागे लागण्यापेक्षा प्रेक्षकांना शिकवावं, असा विचार करून त्यांनी 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला. २००९ पासून तो फिनलंडभरच्या शाळांमध्ये पसरला आणि त्याने त्रास कमी झाल्याचं मोजून दाखवलं. त्यातली एक युक्ती आम्हाला फार आवडली. मुलाला त्रास होतोय असं कळलं की शिक्षक वर्गातल्या दोन ते चार चांगल्या, इतर मुलं ज्यांचं ऐकतात अशा मुलांना बाजूला बोलावतात आणि विचारतात, "याला बरं वाटावं म्हणून तुम्ही काय कराल?" काय करायचं ते मुलंच सांगतात. याला पैसा लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. महापालिकेच्या शाळेतही उद्यापासून करता येईल.

आता आम्ही विहारात काय करतो ते सांगतो. सलाईन लावायला शिकवतात तेव्हा आधी रबरी हातावर सुई धरायला देतात. हात बसला की मग माणूस. तसंच हे आहे. "अन्यायाविरुद्ध उभे राहा" असं भिंतीवर लिहून लेकराचं तोंड उघडत नाही. तोंडाला सवय लागते ती करून करून. म्हणून आम्ही नाटुकली करतो. एक नियम पक्का ठेवला आहे. ज्या मुलाला खरोखर त्रास होतो त्याला नाटकात त्रास सोसणारा करायचं नाही, आणि जो खरोखर दांडगाई करतो त्याला दांडगा करायचं नाही. दांडग्याचं काम आमच्यातलीच एखादी बाई करते. मुलांना त्याची फार मजा वाटते. नाटकात खरी नावं नाहीत, खऱ्या जातीच्या शिव्याही नाहीत. "ए टोपी" म्हटलं तरी मुलांना कळायचं ते कळतं.

बघणाऱ्याने करायची सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे खेळ मोडणं. म्होरक्याशी बोलायचंच नाही. ज्याला त्रास होतोय त्याला हाक मारायची. "ए, सर बोलवलालेत तुला." "चल की बे, पाणी प्यायला." "अगं तुझी वही माझ्याकडं राहिलीय, ये ना." तो उठून गेला की तमाशा संपला. हे आम्ही शिकवण्याआधीच मुलांना येत होतं. आपल्या सोलापूरच्या पोरांच्या तोंडात "चल बे" सारखं असतंच, ते इथे कामाला लावलं इतकंच. काहींना वाटतं हा पळपुटेपणा. आम्हाला तसं वाटत नाही. रक्त वाहत असेल तर आधी बोळा दाबून धरतात, जखम कशी झाली ते नंतर.

दुसरी गोष्ट जवळ जाऊन उभं राहणं. एक शब्द न बोलता. पण एकट्याने नाही, दोघा-तिघांनी. आधीच ठरवून ठेवायचं की आपण तिघी एकमेकींना खूण करायची आणि सरकत सरकत तिच्या बाकाजवळ जायचं. कॅनडात २००७ मध्ये नववीतल्या एका मुलाला गुलाबी शर्ट घातला म्हणून छळलं, तेव्हा बारावीच्या दोन मुलांनी ५० गुलाबी शर्ट विकत आणून दुसऱ्या दिवशी शाळेत वाटले. कोणी कोणाला काही बोललं नाही. सगळीकडे गुलाबी शर्ट दिसले आणि चिडवणाऱ्याला बोलायला जागाच राहिली नाही. आपल्याकडे पन्नास शर्ट कुठून आणणार? पण एका शाळेत एका मुलीला "खिचडीवाली" म्हणून चिडवायचे. तेव्हा आमच्या वर्गातल्या चौघींनी आपले घरचे डबे झाकून ठेवले आणि आठवडाभर तिच्या शेजारी ताटल्या घेऊन बसल्या. त्यातल्या एकीला खिचडी अजिबात आवडत नाही. ती आजही कुरकुरते.

आपल्याच गावाचा दाखला द्यायचा तर बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. राहण्याजेवणाची सोय हा त्याचा हेतू होताच. पण शाळेत जे पोर वर्गात एकटं पडत असेल त्याला संध्याकाळी आपल्यासारख्यांची सोबत मिळणं, हेही औषधच होतं, असं आम्हाला वाटतं.

तिसरी गोष्ट, न हसणं. ही ऐकायला किरकोळ वाटते, करायला सगळ्यात अवघड आहे. सगळे हसतात तेव्हा हसू आपोआप येतं. आम्ही मुलांना सांगतो की हसू आलं तर मान फिरव, खाली वाकून चप्पल नीट कर, पण त्याच्या तोंडाकडे बघून हसू नको.

चौथी म्हणजे तोंडावर बोलणं. यासाठी वाक्य लहान पाहिजे. "बास की बे." "नको म्हणलाय तो." "जातीवर जायचं नाही." एवढंच बोलून थांबायचं. उलट शिवी दिली, त्याच्या आईबापावर गेलं की नवं भांडण सुरू होतं आणि सरांसमोर दोघेही सारखेच ठरतात. आवाज चढवायचा नाही, अंगावर जायचं नाही. वर्गातल्या ज्या मुलाचं चार जण ऐकतात, त्याच्या तोंडून हे वाक्य सगळ्यात चांगलं लागू पडतं. म्हणून आम्ही कबड्डी खेळणाऱ्या, दिसायला धटिंगण पोरांना मुद्दाम हे शिकवतो.

पाचवी गोष्ट मोठ्या माणसाला सांगणं. इथे मुलं अडतात, कारण "चुगलीखोर" म्हणवून घ्यायचं नसतं. आम्ही विचारतो, "राजू फळ्यावर चित्र काढत होता हे बाईंना सांगितलं, त्याने कोणाचं दुखणं कमी झालं?" कोणाचंच नाही. ती चुगली. "राजूला रोज संडासाजवळ अडवतात हे सांगितलं, त्याने?" मुलांना लगेच कळतं. सरांना घोळक्यात सांगू नये. वही तपासायला नेताना, किंवा चिठ्ठीवर लिहून सांगावं. शाळेत तक्रार पेटी असायला पाहिजे असा शासनाचा नियमच आहे. पेटी आहे का आणि ती कधी उघडतात, हे पालकांनी जाऊन विचारावं. काही ठिकाणी कुलपाला गंज चढलेला असतो.

आणि सहावी गोष्ट, जी त्या क्षणी काहीच करू न शकलेलं लेकरूही करू शकतं. नंतर जाऊन बोलायचं. "मी बघितलं. त्यानं चुकीचं केलं. तुझं काही चुकलं नाही. उद्या माझ्यासोबत चल." सगळ्यात घाबरट मुलाला हे जमतं. त्रास झालेल्या मुलांना विचारलं की सगळ्यात जास्त काय बरं वाटलं, तर आमच्याकडची बहुतेक मुलं हेच सांगतात.

एक बोललं पाहिजे, कोणाला टोचलं तरी. आपली लेकरं दरवेळी सोसणारीच असतात असं नाही. आपल्याच गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या पोराच्या मराठीची नक्कल होते. भारत-पाकिस्तान मॅचच्या दिवशी मुसलमान पोराला काय काय ऐकवतात ते आम्ही ऐकलं आहे. झाडूकाम करणाऱ्या घरच्या मुलीला, तोतऱ्या मुलाला, बायकी चालीच्या मुलाला आपलीच पोरं चिडवतात आणि आपण ओट्यावर बसून ऐकतो. आपल्या पोराला जातीवरून बोललं तर आपण सगळे शाळेत जातो, आणि जायलाच पाहिजे. पण आपलं पोर दुसऱ्याला "बहिऱ्या" म्हणतं तेव्हा त्याच आवाजात त्याला थांबवलं नाही, तर रविवारच्या वर्गात आम्ही कितीही नाटकं केली तरी उपयोग नाही.

आता मर्यादा. हे नीट वाचा. बघणाऱ्याने मध्ये पडावं याचा अर्थ लेकराने जिवावर उदार व्हावं असा नाही. हातात काठी, पट्टा, चाकू असेल, मोठी मुलं असतील, बाहेरची टोळी असेल, कोणी दारू प्यालेलं असेल, तर जवळही जायचं नाही. पळत जाऊन मोठा माणूस आणायचा किंवा ११२ ला फोन करायचा. मुलांसाठीचा १०९८ हा नंबर मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. तो घरातल्या प्रत्येक लेकराला पाठ पाहिजे. त्रास देणारी व्यक्ती शिक्षकच असेल तरी लेकराने समोर बोलू नये. ते काम पालकांचं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. वर्गात "स्कॉलरशिपवाले उभे राहा" असं मोठ्याने म्हणणाऱ्या गुरुजींना, यादी हळूच बोलावून घ्या, एवढं नम्रपणे सांगता येतं. बहुतेकांच्या ते लक्षातच आलेलं नसतं.

मोठ्यांनी काय करायचं, त्यासाठी एका जड घटनेची आठवण काढावी लागेल. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात नितीन आगे या १७ वर्षांच्या आपल्या शाळकरी मुलाचा खून झाला. शाळेपासून दिवसाढवळ्या मारत नेल्याची फिर्याद होती. खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कोर्टाने आरोपींना निर्दोष सोडलं. ही चिडवाचिडवीची गोष्ट नाही, फार पुढची आहे. पण पाहणारी मोठी माणसं साक्षीला उभी राहत नसतील, तर बारा वर्षांच्या पोराकडून धाडस मागायचा आपल्याला काय अधिकार? लेकरू घरी येऊन "आज मी मध्ये पडलो" म्हणालं की पहिलं वाक्य "तुला काय गरज होती?" हे नको. "बरं केलंस. तुला काही झालं नाही ना? उद्या मी शाळेत येते." एवढं म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरोखर जा. हजेरी बुडेल, माहीत आहे. गल्लीतल्या तिघींनी मिळून गेलं तर एकीवर सगळा भार पडत नाही.

मोबाईलवरचा त्रास वेगळा नाही, फक्त बघणाऱ्यांची संख्या मोठी. फोटो बिघडवून ग्रुपवर टाकला की तो पुढे पाठवणारा आणि खाली हसरा चेहरा टाकणारा, दोघेही साथीदारच. लेकरांना सांगा, पुढे पाठवायचं नाही, ग्रुपवर भांडायचं नाही, फोन आणून मोठ्या माणसाला दाखवायचा. फोटो उघडा किंवा अश्लील असेल तर त्याची कॉपी काढून ठेवूही नका, कोणाला पाठवूही नका. तोच फोन घेऊन पोलिसांकडे जा.

लेकरू "मला जगायचंच नाही", "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोललं, आवडती वस्तू वाटायला लागलं, तर ते लक्ष वेधण्यासाठी आहे असं म्हणून सोडू नका. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. सिव्हिलच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून दाखवता येतं. त्यात लाज कसली?

शेवटी अर्जाचं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि तो फक्त मेडिकल-इंजिनीअरिंग कॉलेजापुरता नाही. शिकवणारी संस्था, वसतिगृह, शिकवणी वर्ग सगळे त्यात येतात. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली की संस्थेच्या प्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली तर प्रमुखावरही जबाबदारी येते. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. जातिवाचक बोलणं असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ आहेच. मात्र समोरचं पोरही अठराच्या आतलं असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. लहान पोरांच्या बाबतीत आमचं मत असं की आधी त्रास थांबवायचा, सगळ्या पालकांना समोरासमोर बसवायचं. जातीवरून पुन्हा पुन्हा घडत असेल, मारहाण असेल, तर मात्र थांबायचं नाही. अनुसूचित जातीच्या माणसाला, बाईला आणि मुलाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो.

अर्ज एका पानाचा पुरे. तारीख, वेळ, जागा, कोण काय बोललं किंवा केलं ते त्याच शब्दांत, आणि कोणी पाहिलं. पाहिलेल्या मुलांची नावं त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय लिहू नका. "वर्गातील इतर विद्यार्थी हजर होते" एवढंही चालतं. लेकराला डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणं असेल तर दवाखान्याच्या केसपेपरची झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक शाळेत द्या, दुसरीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच द्यायला कोणी नाही म्हणालं तर वाद घालत बसू नका. तोच अर्ज मुख्याध्यापकांच्या नावाने स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा.